पाखऱ्याचा पोळा

मखमलाबादच्या सावळीरामआबांना जनावरातलं कळतं, हे भागुबाई सोडून सगळ्या पंचक्रोशीला मान्य होतं. भागुबाई म्हणजे आबांची बायको, आणि नवऱ्याला काही कळतं हे चारचौघांत कबूल करायची तिची पद्धत नव्हती. बाकी कुणाचा बैल लंगडू दे, कुणाची म्हैस वैरणीकडे पाठ फिरवू दे, माणूस आधी आबांच्या ओट्यावर यायचा आणि मग दवाखान्याची वाट धरायचा. आबा जनावराच्या अंगावरून नुसता हात फिरवायचे आणि सांगायचे, "पोटात वारा धरलाय," नाहीतर "खूर बघ, काटा हाय." आणि काटा निघायचा.

अशा माणसाच्या घरात दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये बुटाच्या खोक्यातून एक गिनिपिग आला. आणला सहादूने. सहादू आबांच्या सुनेचा, साधनाचा भाऊ, सातपूरला कारखान्यात कामाला. त्याच्या शेजारचं बिऱ्हाड बदली होऊन लांब निघालं होतं, त्यांना हा प्राणी नेता येईना. सहादूने खोक्याच्या झाकणाला भोकं पाडली, मोटारसायकलच्या टाकीवर खोकं ठेवलं आणि भाचीच्या हातात आणून दिलं. भाची म्हणजे निकिता, आबांची एकुलती नात. नुकतीच पाचवीत गेलेली.

आबांनी झाकण उचलून आत पाहिलं. तांबड्या-पांढऱ्या केसांचा एक गोळा होता, आणि त्या गोळ्याला दोन काळे डोळे होते.

"शेपूट कुठंय ह्याला?"

"नसतंच आबा."

"आन मान?"

"असते. पण दिसत नाही."

"मंग दिलंय काय देवानं?" असं म्हणून आबा तंबाखू मळायला लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. उंदीर तो उंदीर, मग तो सातपूरहून येऊ दे नाहीतर विलायतेतून.

संपला कसला, दुसऱ्या दिवशी पोरीने त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या.

आता पाखऱ्या हा आबांचा बैल होता. तांबडा, अंगावर पांढरे शिंपडे, आणि एवढा शहाणा की नांगर सरीच्या टोकाला आला की न सांगता वळायचा. दोन वर्षांपूर्वी आबांच्या मुलाने, समाधानने, ट्रॅक्टर घेतला आणि पाखऱ्या जोडीदारासकट दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्याकडे गेला. समाधानचं चुकलं असं आबा कधी म्हणाले नाहीत. भाजीपाल्याच्या चार एकरात दोन्ही पोसणं जमणारं नव्हतं, ते त्यांनाही दिसत होतं. पण त्यानंतरचे दोन्ही पोळे मातीच्या बैलांवर झाले, आणि दोन्ही वेळा आबा गोठ्याकडे पाठ करून जेवले.

"माझ्या बैलाचं नाव उंदराला?" आबा खरंच चिडले.

"तुम्हीच सांगता ना, त्याच्या अंगावर असे ठिपके होते म्हणून?" निकिता म्हणाली. "मला तो नीट आठवत नाही. म्हणून ठेवलं."

आबा मळ्यात निघून गेले.

पुढचे दोन महिने आबांनी त्या खोक्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि रोज बघितलं. कारण पोर करत होती ते बघण्यासारखंच होतं. शाळेतल्या लताबाईंनी तिला एका पुस्तकातून माहिती उतरवून घेऊ दिली होती. ती तिने शंभर पानी वहीत पहिल्याच पानावर काढली आणि जेवायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. आंघोळ नाही. दूध नाही. पोळी, भात नाही. गोड तर अजिबात नाही. गवत दिवसभर समोर पाहिजे. हिरवा पाला रोज पाहिजे, कारण त्यातलं जीवनसत्त्व ह्याच्या अंगात तयार होत नाही. ओला पाला नाही. औषध मारलेला पाला नाही.

"माझ्या सासूनं मला एवढे नेम लावले नव्हते," भागुबाई म्हणाली.

पण पोरीने ते पाळले. सकाळी शाळेच्या आधी ती बांधावर जायची, गवत कापायची आणि ओट्यावर बसून फडक्याने काडी काडी पुसायची. टोमॅटोच्या दोन कॅरेटांचं तिने घर केलं होतं. त्यातलं गव्हाचं भुसकट एक दिवसाआड बदलायची. रविवारी त्याला भाजीच्या काट्यावर ठेवून वजन करायची आणि वहीत लिहायची. एकदा मांजर कॅरेटवर चढलं, तर ही अर्ध्या जेवणावरून उठून धावली आणि मग घास हातात घेऊन तिथंच बसून जेवली. आबांनी आयुष्यात भले भले सालदार पाहिले होते. पण दहा वर्षांच्या वयात, कुणी मागे न लागता, रोज तेच काम तेवढ्याच नेटाने करणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना तिचा मनापासून अभिमान वाटत होता. तोंडाने सांगायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी कोथिंबिरीचा एक वाफा बिनऔषधाचा ठेवला.

"आबा, कडेच्या वाफ्यावर मावा पडलाय. फवारून टाकू?" समाधानने विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"अख्खा वाफा जाईल."

"जाऊ दे."

समाधानने वाफ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि पंप घेऊन दुसरीकडे गेला.

त्या वाफ्यातली जुडी घेऊन आबा ओट्याकडे यायला लागले की त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून पाखऱ्या शिट्टी मारायचा. लांब, बारीक, वरवर चढत जाणारी शिट्टी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आबांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

"चाळीस वर्सं हाका मारतेय मी, मला कुणी अशी ओ दिली नाय," भागुबाई म्हणाली. आबा जुडी सोडता सोडता गालात हसले. तेव्हापासून ते त्याला उंदीर म्हणेनासे झाले.

होता होता पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्या संध्याकाळी आबांनी वाटीत हळद कालवली आणि कॅरेटसमोर जाऊन बसले. निकिता टाळ्या पिटायला लागली. आबांनी बोटाच्या टोकाने पाखऱ्याच्या खांद्याला हळद लावली आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ह्याच अंगणात, ह्याच शब्दांत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बैलांना आवतण दिलं होतं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. निकिताने ते पाहिलं आणि ती टाळ्या वाजवायची थांबली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. आणि इथं आबांनी घोटाळा केला.

वही आबांना माहीत नव्हती असं नाही. पण वही रोजच्या दिवसांची, सणाची वेगळी, असं त्यांच्या डोक्यात होतं. रोज आसूड खाणारा बैलसुद्धा पोळ्याला पुरणपोळी खातो. आवतण दिलेल्याला गवत वाढायचं, हे त्यांच्या हाडातच नव्हतं. त्यांनी पाखऱ्याला विहिरीवरच्या मोटारीच्या गार पाण्याखाली धरून स्वच्छ धुतला, पंच्याने पुसला, गळ्यात लाल लोकरीचा गोंडा बांधला. मग भागुबाईच्या तव्यावरची पहिली पोळी आणली आणि लिंबाएवढा घास पुढे केला. पाखऱ्याने हुंगला आणि खाल्ला. आबांनी दुसरा दिला. तोही खाल्ला. दोन वर्षांनी आबांचा पोळा पोळ्यासारखा झाला होता. त्या दिवशी ते गोठ्याकडे तोंड करून जेवले.

संध्याकाळी त्यांच्या चपला वाजल्या, तेव्हा शिट्टी आली नाही. गावात बैलांची मिरवणूक होती, वाजंत्री होती, त्यामुळे तो बिचकला असेल असं निकिताला वाटलं. सकाळी मात्र पाखऱ्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला होता. रात्रीचा पाला तसाच होता आणि भुसकटात एकही लेंडी नव्हती. आबांनी पोटाखाली हात घातला. पोट टच्च होतं. त्यांना त्या क्षणी कळलं, काय झालंय आणि कशाने झालंय.

"काय झालं असेल आबा?" निकिताने विचारलं.

पंचक्रोशीच्या जनावरांचं निदान करणारा माणूस म्हणाला, "बघू डॉक्टर काय म्हणत्यात."

जनावरांच्या दवाखान्यात प्रतिभाताई म्हणून नव्या डॉक्टर आल्या होत्या. वयाने लहान, पण हाताला घाई नव्हती. बाकावर गावातली बयाबाई शेळी घेऊन बसली होती. तिची हीच शेळी आबांनी मागच्या साली मरता मरता वाचवली होती. तिने आबांना पाहून पदर सावरला आणि सरकून जागा दिली.

प्रतिभाताईंनी पाखऱ्याला तपासलं. कान गार होते, श्वास जोरात चालला होता. "काय काय खाल्लं याने दोन दिवसांत?"

निकिताने वही उघडली. "गवत. कोथिंबीर, बिनऔषधाची. गाजराचा एक तुकडा. बस, एवढंच. मी सगळं लिहिते."

"आंघोळ वगैरे?"

"नाही. कधीच नाही."

ती हे पूर्ण खात्रीने बोलली. पोरीला स्वतःच्या वहीवर भरवसा होता, आणि वहीत जे नव्हतं ते आबांनी केलं होतं. प्रतिभाताई म्हणाल्या, "मग सर्दी छातीत उतरली असेल. एक सुई देऊ." त्यांनी बाटली उचलली.

आबांसमोर दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर अब्रू राहत होती. बोललं तर? बयाबाई समोर बसलेली, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावात बोभाटा होणार. आणि पोरगी? ती पुन्हा कधी हात लावू देणार होती का ह्या जनावराला? पण चुकीच्या दुखण्याला चुकीचं औषध गेलं की जनावर कसं जातं, हे आबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"थांबा ताई," ते म्हणाले. "पुरणाची पोळी खाल्लीय त्यानं. दोन घास. म्या चारली. आन काल सकाळी गार पाण्यानं धुतला. पोळा होता म्हनून."

बयाबाईने शेळीची दोरी उगीचच आवळली. निकिताने आबांकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं.

प्रतिभाताईंनी बाटली परत ठेवली. "बरं झालं बोललात बाबा. छातीची सुई असल्या प्राण्यांना कधी कधी सोसत नाही, पोट आणखीच बिघडतं. ह्याचं पोट थांबलंय. ते पुन्हा चालू झालं तर वाचेल." त्यांनी गॅसचे थेंब दिले आणि सांगितलं, की गवत आणि पाला वाटून, पाण्यात सैल करून, बिनसुईच्या सिरिंजने दर दोन तासांनी थोडं थोडं पाजा. पोट हलक्या हाताने चोळा. ऊब द्या. "दोन दिवस महत्त्वाचे आहेत," त्या निकिताला म्हणाल्या, कारण जबाबदार माणूस कोण, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

सायकलवरून घरी येताना निकिता मागे बसली होती, पाखऱ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून. सगळ्या वाटेत ती फक्त एकदा बोलली. "आबा, खड्डे चुकवा."

घरी आल्यावर तिने पाटा मागितला, गवत वाटलं, फडक्यातून गाळलं. साधनाने दुलईचा तुकडा काढून दिला. पण पाजायची वेळ आली तेव्हा तिने समोरून सिरिंज लावली, पाखऱ्याने तोंड झटकलं आणि ठसकला. आबा उंबऱ्यात उभे होते. पुढे यायचा धीर होत नव्हता, पण राहवेनाही.

"समोरून नाय. बाजूनं घाल, पुढच्या दाताच्या मागं जागा असती. थेंब सोड आन थांब. त्यानं गिळलं का मंगच दुसरा."

बांबूच्या नळीने बैलांना काढा पाजताना आबांनी हेच केलं होतं. निकिताने बाजूने घातलं. एक थेंब गेला. ती थांबली. पाखऱ्याचा गळा हलला. मग दुसरा. पाच मिली संपायला वीस मिनिटं लागली, पण तिने घाई केली नाही की कंटाळा केला नाही. आबा बघत राहिले. एवढीशी बोटं, आणि केवढी सबुरी. आपण जनावरं पाळली, आबांच्या मनात आलं, पण आपल्याला त्यांच्याकडून काम पाहिजे होतं. ह्या पोरीला ह्या जिवाकडून काहीच नको आहे. त्यांना तिच्यापुढे फार लहान वाटलं.

त्या दिवशी तिने शाळा बुडवली. दर दोन तासांनी वाटण, सिरिंज, पोट चोळणं, वहीत नोंद. आबांशी बोलायची ते कामापुरतं. "पाणी कोमट करा." "टॉवेल द्या." ती रागावली असती, रडली असती, तर आबांना सोपं गेलं असतं. ती गप्प होती, आणि आबांना वाटलं, बस, आता आपण पोरीच्या मनातून उतरलो.

दुसऱ्या दिवशी तिची चाचणी परीक्षा होती, जाणं भागच होतं. दप्तर पाठीवर घेऊन ती बराच वेळ कॅरेटपाशी उभी राहिली. मग तिने वही आणि पेन आबांच्या हातात दिलं. "दहाला आणि बाराला. वेळ लिहा, किती गेलं ते लिहा, आणि लेंडी झाली तर लिहा."

तिसरी शिकलेले आबा ओट्यावर वही मांडीला लावून बसले. दहा वाजता पाजलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं, "१० वाजले. ५ गेलं. गिळलं." बाराला पाजून झाल्यावर पोट चोळत बसले होते. हाताखालचं पोट सकाळपेक्षा मऊ लागत होतं, पण असं वाटणं खोटंही असतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. सव्वाबाराला टॉवेलवर काहीतरी पडलं. आबांनी चष्मा लावून पाहिलं. लेंड्या. एक, दोन, तीन. त्यांनी त्या तळहातावर घेतल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

"जन्मभर शेण काढलं तुमी, आन आता हे घरात मिरवताय?" भागुबाई म्हणाली. मग भाकरी तव्यावर तशीच ठेवून हात पुसत जवळ आली. "किती हायेत?"

"तीन."

"देवा विठ्ठला," असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

आबा नोंद करायला ओट्यावर आले. ही काल लेंडीचा रकाना कुठं मांडत होती ते बघावं म्हणून त्यांनी पान मागे उलटलं, आणि पोळ्याच्या दिवसाचं पान निघालं. दवाखान्यातून आल्यावर तिने ते पुन्हा लिहिलं होतं. आबा बोट ठेवून वाचायला लागले.

"पोळा. गार पाण्याने आंघोळ झाली. पुरणपोळी, दोन घास. चूक माझी. आबांच्या बैलांना सणाला पोळी असते हे मला माहीत होतं. आबांनी आवतण दिलं तेव्हाच त्यांना सांगायला पाहिजे होतं. पण ते रडत होते म्हणून मी बोलले नाही."

आबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली. दोन दिवस त्यांना वाटत होतं की पोर आपल्यावर रागावून गप्प आहे, आणि पोर स्वतःलाच दोष देत बसली होती. त्यांनी चष्मा काढला, पंच्याने तोंड पुसलं, चष्मा पुन्हा लावला. मग तिच्या अक्षरांखाली, ओळ सोडून जाणाऱ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे खोटं हाय. चूक सावळीरामची. वही मला पाठ होती." थोडा विचार करून त्यांनी पहिलं पान काढलं, आणि नियमांच्या शेवटी स्वतःचा एक नियम घातला, "सणालाही नाही."

निकिता दीडला धावत आली. दप्तर न काढता तिने वही घेतली. लेंड्यांची नोंद वाचली, तिच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. मग आबांनी पोळ्याच्या पानावर लिहिलेलं वाचलं, आणि पहिल्या पानावरचंही. आबा खाली बघत चपलेने माती उकरत होते.

तिने वही बंद केली. कॅरेटपाशी जाऊन पाखऱ्याला टॉवेलसकट उचललं आणि आणून आबांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्याला तुम्ही धरा आबा. मी कडेच्या वाफ्यातली कोथिंबीर आणते."

ती वाफ्याकडे गेली. आबांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पाखऱ्याला धरलं. त्याच्या गळ्यातला गोंडा त्यांनी परवाच सोडून टाकला होता, पण खांद्यावर हळदीचा पिवळा ठिपका अजून होता. थोड्या वेळाने निकिताच्या चपला ओट्याकडे येताना वाजल्या, आणि पाखऱ्याने मान वर करून शिट्टी मारली. बारीक होती, अर्ध्यातच तुटली. आबांनी निकिताच्या हातातून जुडी घेतली, पंच्याने काडी काडी पुसली आणि त्याच्यापुढे धरली.